ठिणगीची वेळ : लहान इंजिने, त्यांचे फ्लायव्हील आणि मोडलेली मनगटे

१/
वैद्यकशास्त्रात मनगटाच्या एका अस्थिभंगाला व्यवसायाचे नाव मिळालेले आहे. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे टोक तुटते, त्याला 'शोफरचा अस्थिभंग' म्हणतात. शोफर म्हणजे मोटारचालक. हे हाड अपघातात, गाडी आदळून मोडत नसे. गाडी उभी असतानाच, ती सुरू करताना मोडत असे. आजचा धागा या मोडलेल्या हाडामागच्या कारणाचा.

२/
कारण एका वाक्यात सांगता येते : इंजिनातली ठिणगी क्षणभर आधी पडली. हा क्षण सेकंदाचा काही हजारावा भाग असतो. पण तो नेमका साधण्यासाठी युरोप-अमेरिकेतील यंत्रज्ञांची साधारण पन्नास वर्षे गेली, आणि त्या प्रवासात एक साधे जड चाक इंजिनातला सर्वांत गुणी भाग बनले. ते चाक म्हणजे फ्लायव्हील. मराठी परिभाषेत त्याला 'प्रचक्र' असा नेटका शब्द आहे.

३/
प्रथम चाकाविषयी. दट्ट्या वरखाली जातो, आपल्याला हवी असते गोल फिरकी. जेम्स वॉटने १७८१ साली वाफेच्या यंत्रातून फिरती गती काढण्याच्या रीतींचे एकस्व घेतले, तेव्हा दट्ट्याच्या दोन्ही टोकांना यंत्र अडू नये म्हणून जड चाक जोडणे भागच होते. कुंभाराचे चाक जसे हात काढल्यावरही फिरत राहते, तसे हे चाक मिळालेली गती साठवून ठेवते.

४/
वाफेच्या यंत्राला या चाकाची गरज होती. अंतर्ज्वलन इंजिनाला तर त्याच्यावाचून श्वासही घेता येत नाही. निकोलाउस ओटोने १८७६ साली जर्मनीत चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले. मिश्रण आत घेणे, ते दाबणे, जाळणे, धूर बाहेर टाकणे. चार टप्प्यांत शक्ती मिळते ती एकाच टप्प्यात. उरलेले तीन टप्पे चाकाच्या उधारीवर पार पडतात.

५/
म्हणजे क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत एकदाच धक्का. तो धक्का कोणत्या क्षणी द्यायचा, हा खरा प्रश्न. झोपाळ्याला झोका देणाऱ्या मुलाला हे न शिकवता कळते. झोका मागे येऊन परत फिरू लागला की हात लावायचा. त्याआधी लावला तर झोका अडतो आणि ढकलणाऱ्याच्याच हाताला झटका बसतो.

६/
इंजिनात हे काम अधिक अवघड असते, कारण ठिणगी पडताच सगळे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत ठिणगीपाशी जन्मते आणि तिथून पसरत जाते. तिला पसरायला वेळ लागतो. हिशेबापुरते आपण तो वेळ दोन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, असा धरू.

७/
आता गणित करू. मिनिटाला १८० फेरे घेणाऱ्या इंजिनाला एका फेऱ्यास सुमारे ३३३ मिलिसेकंद लागतात. दोन मिलिसेकंदांत शाफ्ट जेमतेम २ अंश फिरतो. ६०० फेऱ्यांवर हेच ७ अंश होतात. १८०० फेऱ्यांवर २१ ते २२ अंश. ३००० फेऱ्यांवर ३६ अंश. ज्योतीला लागणारा वेळ तोच धरला, तरी तेवढ्यात दट्ट्या कितीतरी पुढे निघून जातो.

८/
दाब सर्वाधिक व्हायला हवा तो दट्ट्या सर्वांत वर पोचून खाली वळल्यावर, दहा-पंधरा अंशांनी. सर्वांत वरच्या बिंदूला आपल्याकडचे कारागीर 'टॉप' म्हणतात. त्यामुळे वेगवान इंजिनात ठिणगी टॉपच्या आधीच टाकावी लागते. तिला 'ॲडव्हान्स' करणे म्हणतात. उशिरा टाकणे म्हणजे 'रिटार्ड'. हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत; पुढची सगळी कहाणी त्यांच्याभोवती फिरते.

९/
सुरुवातीच्या इंजिनांना ही अडचण जाणवलीच नाही. एत्येन लेन्वारने १८६० साली पॅरिसमध्ये जे वायुइंजिन केले, त्यात मिश्रण दाबलेच जात नव्हते. बॅटरी आणि वेटोळ्याच्या साहाय्याने ठिणगी पडे. ओटोच्या इंजिनात तर एक सरकती झडप जळती ज्योतच आत नेऊन दाखवी. गती इतकी मंद होती की दोन-चार अंशांनी काही बिघडत नव्हते.

१०/
गती वाढवण्याचा ध्यास घेतला तो गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी. १८८३ साली त्यांनी वेगळीच युक्ती काढली. सिलिंडरला एक बंद नळी जोडायची आणि बाहेरून बर्नरने ती लाल होईपर्यंत तापवायची. दट्ट्याने मिश्रण दाबले की ते त्या तापल्या नळीत शिरे आणि पेट घेई. त्यांचे इंजिन मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेऊ लागले. त्या काळी ही झेप मोठी होती.

११/
पण तापल्या नळीला वेळेचे भान नसते. नळी किती तापली, वारा किती आहे, मिश्रण किती दाबले गेले, यावर पेट घेण्याचा क्षण ठरे. चालकाला तो मनाजोगा मागेपुढे करता येत नसे. शिवाय पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनात उघडी ज्योत घेऊन फिरायचे! 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच 'तापवणारा', म्हणजे भट्टी पेटवणारा माणूस. वाफेच्या यंत्रांकडून तो शब्द मोटारीकडे आला.

१२/
कार्ल बेंझने दुसरा मार्ग धरला. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने ज्या तीनचाकी मोटारीच्या एकस्वासाठी अर्ज केला, तिच्यात बॅटरी, थरथरते वेटोळे आणि स्पार्क प्लग अशी विजेची व्यवस्था होती. प्रज्वलन हीच त्याला सर्व अडचणींतली मोठी अडचण वाटे. त्याच्या पहिल्या गाडीचे मोठे फ्लायव्हील आडवे बसवलेले होते. उभ्या चाकाची फिरकी वळणावर गाडीला आडवी येईल, अशी त्याला धास्ती होती.

१३/
ती गाडी सुरू करायची तर ते आडवे चाकच हाताने फिरवावे लागे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला याच प्रकारच्या गाडीने गेली. वाटेत प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा तिने मोज्याचा पट्टा गुंडाळून ती तार झाकली. पहिल्या दूरच्या मोटारप्रवासातली ही दुरुस्ती ठिणगीचीच होती.

१४/
बॅटरी मात्र लवकर संपे, आणि रस्त्यात ती भरून मिळण्याची सोय नसे. म्हणून वीज गाडीतच निर्माण करण्याचा विचार पुढे आला. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व हाताशी होते. तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक हलवला की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. या तत्त्वावर चालणाऱ्या ठिणगीयंत्राचे नाव मॅग्नेटो.

१५/
रॉबर्ट बॉशने १८८६ साली श्टुटगार्टमध्ये छोटे वर्कशॉप थाटले आणि पुढच्याच वर्षी एका ग्राहकाच्या स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो करून दिला. १८९७ साली त्याच्याकडे दे दियों-बुतों कंपनीची तीनचाकी आली. तिचे लहानसे इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांपर्यंत जाई. जुन्या मॅग्नेटोतील जड वेटोळे त्या वेगाने मागेपुढे हलणे शक्य नव्हते.

१६/
बॉशच्या कारखान्यातील आर्नोल्ड त्सेरिंगरने तोडगा काढला. जड वेटोळे स्थिर ठेवायचे आणि त्याभोवतीची हलकी नळी तेवढी हलवायची. पुढे १९०२ साली गॉटलोब होनोल्डने एकाच वेटोळ्यावर दोन गुंडाळ्या देऊन उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. आता सिलिंडरच्या आत हलणाऱ्या दांड्यांची गरज उरली नाही. एक स्पार्क प्लग पुरेसा झाला.

१७/
ठिणगी नेमक्या क्षणी पडते कशी? आतल्या गुंडाळीतून विजेचा प्रवाह वाहत असतो. तिच्या वाटेत दोन धातूच्या टिकल्या एकमेकींना टेकलेल्या असतात. त्यांना आपल्याकडे 'पॉइंट' म्हणतात. फिरत्या शाफ्टवरचा उंचवटा त्यांना दूर ढकलतो. प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र एकाएकी कोसळते, आणि बारीक तारेच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब उठतो. पॉइंट उघडण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण.

१८/
राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे इंजिनही मॅग्नेटोवर चाले. चार्ल्स टेलर नावाच्या त्यांच्या कारागिराने ते घडवले होते. त्याला आजच्या अर्थाने थ्रॉटल नव्हता. वेगात फरक करायचा तर ठिणगीची वेळ मागेपुढे करावी लागे, आणि तीही उड्डाणाआधीच. किटी हॉकच्या वाळूवर माणूस पहिल्यांदा यंत्राने उडाला, तेव्हा ठिणगीची वेळ आधीच ठरवून ठेवलेली होती.

१९/
आता मनगटाकडे येऊ. १९०८ साली फोर्डने 'मॉडेल टी' बाजारात आणली. १९२७ पर्यंत तिच्या सुमारे दीड कोटी गाड्या निघाल्या. तिच्या फ्लायव्हीलवर इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचे १६ चुंबक बसवलेले होते आणि समोर तेवढीच स्थिर वेटोळी. जे चाक गती साठवी तेच वीजही निर्माण करी.

२०/
सुकाणूच्या खाली डाव्या हाताला एक दांडी असे. ती ठिणगीची वेळ बदलण्यासाठी. गाडी धावत असताना ती खाली ओढून ठिणगी ॲडव्हान्स करायची, सुरू करण्यापूर्वी मात्र आठवणीने वर सारून रिटार्ड करायची. मग पुढे जाऊन हँडल फिरवायचे. कित्येक जण दांडी वर करायला विसरत.

२१/
विसरल्यावर काय होई ते वरच्या गणितातूनच कळते. हाताने फिरवताना वेग मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या आतबाहेर असतो. इतक्या मंद गतीत ठिणगी टॉपच्या वीस अंश आधी पडली, तर दट्ट्या वर पोचण्यापूर्वीच स्फोटाचा दाब पूर्ण होतो. दट्ट्या उलटा खाली ढकलला जातो. शाफ्ट उलटा फिरतो, त्यासोबत हँडल, आणि हँडल धरलेला हात.

२२/
म्हणून जुने जाणते सांगत की हँडलला अंगठ्याचा विळखा घालू नये. अंगठा इतर बोटांच्या बाजूलाच ठेवावा, आणि हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढावे. म्हणजे उलटा झटका आलाच तर बोटे सुटतात. या एका सवयीने किती हाडे वाचली असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. तुटलेल्या हाडाला मात्र वैद्यकाच्या ग्रंथांत नाव मिळाले.

२३/
१९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंगने घडवलेला विजेचा स्टार्टर आला, आणि श्रीमंतांच्या मोटारीतून हँडल हळूहळू हद्दपार झाले. लहान इंजिनांना मात्र बॅटरीही परवडत नव्हती आणि स्टार्टरही. पंप, फवारणी यंत्रे, गवतकापणी यंत्रे, मोटारसायकली, होड्यांची इंजिने. या सगळ्यांसाठी हलकी, स्वस्त, बॅटरीविना चालणारी व्यवस्था हवी होती.

२४/
पहिल्या महायुद्धाने त्या शोधाला रेटा दिला. युद्धापूर्वी ब्रिटनमधील मोटारी आणि विमाने मॅग्नेटोसाठी मुख्यतः जर्मन बॉशवर अवलंबून होती. १९१४ साली तो पुरवठा एकाएकी बंद झाला. घरचा मॅग्नेटो बनवणे हे राष्ट्रीय निकडीचे काम झाले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या व्हिलियर्स कंपनीने याच काळात लहान दुटप्पी इंजिनासाठी फ्लायव्हीलमध्येच सामावलेला मॅग्नेटो विकसित केला.

२५/
कल्पना फोर्डचीच, पण आटोपशीर. चाकाच्या आतल्या कडेला चुंबक, मधल्या पोकळीत स्थिर वेटोळी आणि पॉइंट. वेगळा मॅग्नेटो नको, त्याला फिरवणारी दातेरी चाके नकोत, बॅटरी नको. १९३१ साली जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांचा प्रबळ चुंबकधातू शोधला. त्या वंशातील 'अल्निको' चुंबकांमुळे हे चाक आणखी लहान आणि भरवशाचे झाले.

२६/
आपल्याकडे हे चाक घराघरांत आले ते स्कूटरच्या रूपाने. इटलीच्या पियाज्यो कंपनीसाठी कोर्रादिनो दास्कानियो या विमानअभियंत्याने आखलेली व्हेस्पा १९४६ साली निघाली. तिची भारतीय आवृत्ती बजाज ऑटोने पियाज्योच्या परवान्याखाली केली आणि १९७२ साली 'चेतक' आली. लँब्रेटाची निर्मिती मुंबईत भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाकडे होती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी ती पिढी.

२७/
चेतकचे फ्लायव्हील एकाच वेळी चार कामे करी. गती साठवी, प्लगला ठिणगी पुरवी, दिव्याला वीज देई, आणि त्यावरच्या पात्यांनी सिलिंडरवर वारा घाली. सिग्नलला स्कूटर मंद झाली की पुढचा दिवा मिणमिणे आणि ॲक्सिलरेटर पिळताच उजळे, हे ज्यांना आठवते, त्यांनी फॅरेडेचा नियम डोळ्यांनी पाहिला आहे.

२८/
चार कामे एका चाकावर, म्हणून ते चाक शाफ्टवर नेमके बसणे फार महत्त्वाचे. शाफ्टचे टोक निमुळते असते. त्याला टेपर म्हणतात. त्यात अर्धचंद्राच्या आकाराची बारीक चावी असते. ती विल्यम वुड्रफ या अमेरिकनाची कल्पना; १८८८ साली तिला फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे जॉन स्कॉट पदक मिळाले. नखाएवढ्या तुकड्याला मिळालेला हा सन्मान अस्थानी नव्हता.

२९/
या चावीविषयी एक समज सर्वत्र आढळतो की तीच चाकाला धरून ठेवते. तसे नाही. चाकाला धरते ती टेपरची पकड, नटाने आवळलेली. चावीचे काम चाक कोणत्या कोनात बसावे एवढेच सांगण्याचे. नट सैल राहिला वा टेपरवर तेल, गंज किंवा कचरा राहिला, तर पकड सुटते, सगळा भार चावीवर येतो आणि ती कातरली जाते.

३०/
गवतकापणीच्या यंत्रात तर ही चावी मुद्दाम मऊ धातूची करतात. पाते दगडावर आदळून एकदम थांबले की जड चाक आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहते. अशा वेळी स्वस्त चावी कातरली जावी आणि महाग शाफ्ट शाबूत राहावा, असा हिशेब. पण चावी अर्धवट कातरली गेली तर चाक जागचे सरकते आणि ठिणगीची वेळही त्याबरोबर सरकते.

३१/
किती? २० मि.मी. व्यासाच्या शाफ्टचा परीघ सुमारे ६३ मि.मी. असतो. चाक त्यावर अवघे १ मि.मी. सरकले तरी जवळपास ६ अंशांचा फरक पडतो. इंजिन एकतर सुरूच होत नाही, किंवा उलटा झटका देते, किंवा फटफट करून बंद पडते. मालक कार्ब्युरेटर साफ करत बसतो, प्लग बदलतो. दोष असतो नखाएवढ्या चावीत.

३२/
जुन्या गॅरेजमधला दुरुस्तीचा क्रम यातूनच ठरला. चाक काढायचे ते पुलर लावून. हातोडी मारायची नाही : शाफ्टचे आटे चिरडतात, चाकाच्या मधल्या भागाला तडा जाऊ शकतो आणि घणाच्या धक्क्याने जुने चुंबक क्षीण होतात. चाक बाजूला ठेवताना चुंबकांच्या पोकळीत लोखंडी कडे बसवून ठेवण्याची रीतही त्यासाठीच. जुन्या पोलादी चुंबकांना उघडे राहणे मानवत नसे.

३३/
मग टेपर पुसून कोरडे करायचे. पृष्ठभाग खरवडला असेल तर चावी काढून, ग्राइंडिंग पेस्ट लावून चाक शाफ्टवर हलक्या हाताने घोळवायचे, म्हणजे दोन्ही अंगे सर्व बाजूंनी टेकतात. पेस्टचा कणही मागे ठेवायचा नाही. नवी चावी, कोरडे टेपर आणि ठरलेल्या जोराने आवळलेला नट. दुरुस्तीचा अर्धा भाग इथे संपतो.

३४/
उरलेला अर्धा भाग टायमिंगचा. पॉइंट पूर्ण उघडले असता त्यांच्यात किती फट असावी, हे प्रत्येक इंजिनासाठी ठरलेले असते. बहुतेक लहान इंजिनांत ती ०.३ ते ०.५ मि.मी. फिलर गेजने ती मोजतात. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी ॲडव्हान्स होते. घटवली की रिटार्ड. उंचवट्यावर घासणारी टाच झिजत गेली की फट आपोआप घटते. दर काही महिन्यांनी 'पॉइंट ॲडजस्ट' करावे लागत ते यामुळे.

३५/
पॉइंट नेमके केव्हा उघडतात हे डोळ्यांना दिसत नाही. त्यावरचा उपाय साधा होता. टिकल्यांमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि चाक हळूहळू फिरवायचे. कागद ज्या क्षणी सैल सुटेल तो ठिणगीचा क्षण. त्या वेळी चाकावरची खूण इंजिनावरच्या खुणेसमोर यायला हवी. अधिक काटेकोर कारागीर बॅटरी आणि छोटा दिवा वापरी. दिव्यात पडलेला फरक पाहून क्षण पकडी.

३६/
दुटप्पी इंजिनाची एक गंमत इथे नोंदवावी. त्याला उलटे फिरण्याचे वावडे नसते. टायमिंग बिघडले तर ते किकला झटका देऊन उलट दिशेने चालूही लागते. जर्मनीच्या मेसरश्मिट केआर २०० या तीनचाकी गाडीने हा दोषच कामाला लावला. तिच्यात पॉइंटची दुसरी जोडी होती. इंजिन बंद करून उलटे सुरू केले की चारही गिअर मागे जाण्यासाठी मिळत!

३७/
काय दुरुस्त करावे याइतकेच काय करू नये हेही इतिहासाने शिकवले. फिरत्या चाकाच्या कडेवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर ताण चौपट. बिडाच्या चाकाची कड मिनिटाला एक मैलापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ मीटरपेक्षा, जास्त वेगाने जाऊ नये, असा वाफेच्या काळातल्या कारखान्यांचा दंडक होता.

३८/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लीव्हलंडच्या केस स्कूलमधील प्राध्यापक चार्ल्स बेंजामिन यांनी लहान चाके मुद्दाम फुटेपर्यंत फिरवून पाहिली. अखंड कडेच्या तुलनेत जोड दिलेल्या कडेची चाके कितीतरी कमी वेगात फुटली. २० सें.मी. व्यासाचे चाक ४००० फेऱ्यांवर असताना त्याची कड ताशी १५० कि.मी. वेगाने धावत असते. म्हणून तडा गेलेल्या चाकाला वेल्डिंग करून ते पुन्हा चढवणे, ही दुरुस्ती मानू नये. ते चाक भंगारातच जावे.

३९/
डिझेल इंजिनात ठिणगी नसते, पण वेळेचा कायदा तिथेही सुटत नाही. आपल्याकडच्या विहिरींवर दोन मोठ्या चाकांची, हँडल मारून सुरू होणारी इंजिने धडधडत. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे नाव त्या काळाशी जोडलेले आहे. तिथे ठिणगीच्या जागी इंधनाचा फवारा केव्हा उडावा हे साधायचे असते. हँडल मारताना झडप उघडून दाब सोडायचा, चाकाला पुरेसा वेग आला की झडप मिटायची. दट्ट्याला टॉप ओलांडून नेण्याची हमी ते जड चाकच घेई.

४०/
पुढे पॉइंट गेले. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनात टिकल्यांऐवजी चाकावरचा चुंबक एका छोट्या वेटोळ्यासमोरून जाताच इशारा मिळतो. झिजणारे काही उरले नाही; वेगानुसार वेळ बदलण्याचे कामही परिपथ स्वतः करतो. फोर्डच्या चालकाने जी दांडी हाताने सारायची, तिचे काम आता कोणाच्या लक्षातही येत नाही.

४१/
पण टेपर, नट आणि अर्धचंद्राकृती चावी आजही कित्येक लहान इंजिनांत तशीच आहे. फवारणी पंप अचानक उलटा झटका देऊ लागला, दोरी हातातून हिसकू लागली, तर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शोफरचा अनुभव तुमच्या वाट्याला आला आहे असे समजावे. पुन्हा दोरी ओढण्याआधी प्लगची टोपी काढून ठेवा, चाक उतरवा आणि चावी पाहा.

४२/
इतिहासात आपण शोधकांची नावे लक्षात ठेवतो : ओटो, बेंझ, बॉश, होनोल्ड. ठिणगीची वेळ रोज नव्याने साधली ती मात्र गॅरेजमधल्या माणसांनी, सिगारेटचा कागद आणि फिलर गेज हातात घेऊन. तुमच्या गावात असे एखादे वृद्ध मेकॅनिक असतील, तर त्यांच्याकडे बसून टायमिंग कसे लावत ते विचारा आणि लिहून ठेवा. पॉइंटची इंजिने आता कमी होत चालली आहेत, ती लावणारे हातही.

धागा समाप्त.